धाकटी शाळेत बोलत नाही, म्हणून…

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र मिळालं. तुझ्या नोकरीसाठी तुम्ही चौघं परदेशात आलात, आणि आता मुलांची ही तऱ्हा: चार वर्षांची धाकटी बालवाडीत तोंडच उघडत नाही, सात वर्षांचा थोरला घरी आला की दप्तर भिरकावून आरडाओरडा करतो, आणि शिक्षिकाबाई सुचवतात की घरीही इथलीच भाषा बोला, मुलं लवकर रुळतील. तसं सुरू करू का, असं तू विचारलं आहेस. करू नकोस.

बाईंचा हेतू चांगला आहे, पण त्यांना वर्ग दिसतो, तुमचं घर दिसत नाही. मुलं इथली भाषा शाळेत, मैदानावर, दुकानात, जिन्यात शिकणारच आहेत. ती अडवायची म्हटलं तरी तुला अडवता येणार नाही. घरची भाषा मात्र फक्त घरातच मिळते. आनिक द हाउवर या संशोधिकेने बेल्जियमच्या फ्लाँडर्स भागात, जिथे आई किंवा वडील डचखेरीज दुसरी भाषा बोलतात अशा सुमारे १,९०० कुटुंबांची पाहणी केली होती. ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या साधारण पाव कुटुंबांत मुलं ती दुसरी भाषा बोलत नव्हती. आईवडील दोघंही घरात ती वापरत होते आणि बाहेरची भाषा फार तर एकाच्याच तोंडी होती, तिथे मुलांच्या तोंडी ती टिकण्याची शक्यता सगळ्यात जास्त दिसली. शिवाय तूच लिहिलं आहेस की इथल्या भाषेत तुला अजून धड रागावताही येत नाही. मग त्या भाषेत तू मुलीची समजूत काय काढणार? तोडकीमोडकी भाषा ऐकवण्यापेक्षा आपल्या भाषेत भरपूर बोल, गोष्टी सांग, वाद घाल. घरच्या भाषेत मन लावून वाद घालता आला, की दुसरी भाषा शिकायलाही त्याची मदत होते.

आता धाकटीचं मौन. नवी भाषा कानावर पडू लागली की बरीच लहान मुलं काही आठवडे, कधी काही महिने नुसती ऐकत राहतात. या काळात ती शिकत असतात, फक्त दाखवत नाहीत. ती इतरांकडे बघून रांगेत उभी राहते का, सांगितलेली वस्तू आणून देते का, खेळात शिरते का, हे बाईंना विचार. आणि घरी तिची बडबड पूर्वीसारखीच आहे ना? असेल तर थांब. घरीही बोलणं कमी झालं असेल, आधी येणारे शब्द गळत असतील किंवा हाक मारल्यावर ती वळत नसेल, तर मात्र वाट बघू नकोस, बालरोगतज्ज्ञांकडे जा. कान तपासून घे. बोलण्याची तपासणी करायची वेळ आली तर ती घरच्या भाषेतही व्हावी असा आग्रह धर. दुभाष्या मागावा लागला तर माग. तपासणी फक्त नव्या भाषेत झाली, तर निव्वळ भाषा न येणं हाच दोष ठरायचा धोका असतो. शाळेत महिनोन्महिने एक अक्षरही निघालं नाही, भाषा कळू लागल्यावरही, तर तेही डॉक्टरांना सांग.

थोरल्याची गोष्ट वेगळी आहे, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. तो लवकरच फाडफाड बोलायला लागेल आणि सगळे म्हणतील, सुटला बाबा प्रश्न. सुटलेला नसेल. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला होता. पहिली साधारण दोनेक वर्षांत येते; दुसरीत बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. मित्रांशी भांडणारा हा मुलगा गणितातल्या शाब्दिक उदाहरणापाशी अडेल, तेव्हा तो आळशी झाला असं कुणी म्हणू लागलं तर हे आठव. उदाहरण घरच्या भाषेत समजावून दे. गणित आलं की पुढे भाषेचं तेवढं बघायचं उरतं. त्याला बँकेत, दवाखान्यात दुभाष्या म्हणून उभा करू नकोस. कौतुकाचं वाटतं, पण आईवडिलांची अडचण आपण सोडवायची, हे ओझं सातव्या वर्षी नको.

त्याच्या आरडाओरड्याला मी फार महत्त्व देणार नाही. दिवसभर त्याने स्वतःला आवरून धरलेलं असतं; जिथे रागावलं तरी प्रेम कमी होणार नाही, तिथे तो ते सोडतो. आल्याबरोबर ‘आज काय शिकवलं’ विचारू नका. खायला द्या, लोळू द्या. आणि ‘आपण परत कधी जायचं’ याला ‘लवकरच’ म्हणून वेळ मारून नेऊ नकोस. करार तीन वर्षांचा आहे ना? मग तेच सांग.

नवऱ्याबद्दल पत्रात तू एका वाक्यात उरकलेली गोष्ट मला सगळ्यात खटकली: ‘हा हल्ली गप्प असतो.’ तुझी नोकरी आहे, सहकारी आहेत, दिवसभर तुला कुणी नावाने हाक मारतं. तो तुझ्या व्हिसावर आलेला. बऱ्याच देशांत अशा जोडीदाराला लगेच काम करता येत नाही. शाळेच्या फाटकाशी तो कुणाचा तरी बाबा, दवाखान्याच्या अर्जावर तुझा नवरा. मुलांची रडारड पहिल्यांदा त्याच्या अंगावर येते, आणि तू घरी पोचेपर्यंत घर शांत झालेलं असतं. म्हणून तुला ती रडारड सौम्य वाटते. बँकेचं खातं त्याच्याही नावावर हवं, फोनचं कार्ड त्याचं स्वतःचं हवं. भाषेच्या वर्गाला आधी त्याला घाल, तुझा नंतर बघू. ऑफिसात तुझं निभतंय. आठवड्यातली एक संध्याकाळ मुलं तुझ्याकडे आणि तो बाहेर, कुठे जातो ते विचारायचं नाही. हे उपकार म्हणून करू नकोस. शाळेबाहेरचा बहुतेक वेळ मुलं त्याच्या चेहऱ्याकडे बघत काढतात.

आजीआजोबांच्या व्हिडिओ कॉलवर ‘बोल ना, गाणं म्हणून दाखव ना’ बंद कर. गोष्टीच्या एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घे, एक तिकडे ठेव, आणि आजी वाचत असताना धाकटीला पानं उलटू दे. बोलायची सक्ती नाही.

एक किरकोळ पण कामाची गोष्ट. लसीकरणाच्या नोंदींची प्रत डॉक्टरांना आताच दे. प्रत्येक देशाचं वेळापत्रक वेगळं असतं. मुलांना बीसीजी दिलेली असेल तर ते आधी सांग, कारण त्या लसीमुळे क्षयरोगाची त्वचेवरची चाचणी कधी कधी उगाच पॉझिटिव्ह येते. रक्तावरच्या चाचणीला ती अडचण येत नाही.

बाईंची वेळ घेशील तेव्हा दोघंही जा, आणि बोलणं त्याला सुरू करू दे. रोज मुलांना सोडायला-आणायला तोच जातो, धाकटी फाटकाशी काय करते हे तुझ्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक आहे. काय ठरलं ते सवडीने कळव.

तुझी,
मावशी