परभणीकडच्या मे-जूनच्या उकाड्यात शेतात जाणाऱ्या वडिलांची काय काळजी घ्यावी?

तुमच्या वडिलांनी साठी ओलांडलीय, बीपीची गोळी चालू आहे आणि तरी ते भर दुपारी रानात थांबतात, म्हणून आधी हेच सांगतो: ११ ते ४ त्यांना रानात थांबू देऊ नका. पहाटे जाऊन दहाच्या आत घरी, उरलेलं काम उन्हं कलल्यावर.

वळवाचा पाऊस पडून गेला की पारा ४२ वरून ३८ वर येतो आणि माणूस निर्धास्त होतो. खरा घात तिथंच होतो. हवा दमट झाली की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. कूलरचंही तसंच. खिडक्या बंद करून लावला तर खोली आणखी कोंदते. समोरची खिडकी उघडी ठेवा.

तहानेची वाट न बघता घोट-घोट पाणी. ओआरएस नसेल तर लिटरभर पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर, अर्धा छोटा सपाट चमचा मीठ. बीपीमुळे मीठ किती चालेल आणि गोळी लघवी वाढवणारी आहे का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून घ्या.

पायात गोळे, मळमळ, चक्कर आली तर सावली आणि पाणी. पण अंग भाजतंय आणि बोलणं बरळल्यासारखं झालंय, तर तो उष्माघात. कष्टाच्या कामात घाम सुटलेला असतानाही तो होतो. कांदा हुंगवत बसू नका. १०८ लावा, कपडे सैल करा, सगळ्या अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका.