दोन आठवड्यांत एकांकिका आहे, माझे डायलॉग पाठच होत नाहीत. काही टेक्निक आहे का?

तुम्ही स्क्रिप्टमध्ये फक्त आपलेच डायलॉग हायलाइट केले असणार. समोरच्याचे करा.

आमच्या गोव्यात फोंड्याकडे देवळाच्या उत्सवात गावचीच माणसं मराठी नाटक करतात. पूर्वी पुस्तक एकच असायचं म्हणून जो तो आपली नक्कल उतरवून घ्यायचा, म्हणजे आपली वाक्यं आणि समोरच्याचे शेवटचे दोन-चार शब्द. आता मोबाइलवर पीडीएफ येते तरी आमचे मामा नक्कलच काढतात, वर मला ऐकवतात, 'तुजें तूं पाठ कर, दुसऱ्याच्या ताटांत कित्याक पळयता?' (म्हणजे कशाला बघतोस). एका वर्षी भर प्रयोगात वकिलाचं काम करणाऱ्याने अख्खं पान गाळलं. मामा सोफ्यावर त्यांच्या चार शब्दांची वाट बघत बसलेले, प्रॉम्प्टर विंगेतून सांगतोय ते पहिल्या रांगेला ऐकू जातंय पण मामांना नाही. मी नोकर होतो, वाक्यं मोजून चार, पण तालमीत सगळ्यांचं ऐकून प्रवेश पाठ झालेला, मग चहाचा ट्रे घेऊन मीच आत घुसलो, 'मालक, वकीलसाहेब मृत्युपत्राचं विचारत होते ना?' आणि नाटक पुढे सरकलं. मामा आजही म्हणतात, प्रॉम्प्टर न्हिदिल्लो, म्हणजे झोपला होता. न्हिदिल्लो कसला, ओरडून घसा बसला त्याचा!

हेल्गा आणि टोनी नॉइस या जोडप्याने नटांच्या पाठांतरावर बरंच संशोधन केलंय, ती मानसशास्त्रज्ञ, तो स्वतः नट. त्यांचंही हेच, की मुरलेले नट घोकत नाहीत, हे पात्र हे वाक्य आत्ता का बोलतंय ते शोधतात, आणि हालचालीबरोबर म्हटलेलं वाक्य जास्त लक्षात राहतं. मामांना हे दाखवलं तर म्हणाले, इंग्रजी नाटकांचं असेल.

बाकी तुमचं म्हणाल तर पुन्हा पुन्हा वाचत बसू नका, पुस्तक मिटून आठवा, अडलं की मगच बघा. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, पाच मिनिटांनी विचारलं तर नुसतं वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर आठवून काढणारे. तुमचा प्रयोग पाच मिनिटांनी नाहीये. हालचाली बसल्या की उभं राहून म्हणा, खाटेवर लोळत नको. समोरच्याचे डायलॉग फोनवर रेकॉर्ड करून आपल्यासाठी गॅप ठेवला तरी चालतं.

हां, मोठं स्वगत असेल तर मात्र घोकावंच लागतं, तिथे समोर कोणी नसतो. मामांची तरुणपणची स्वगतं अजून काना-मात्रेसकट पाठ आहेत, ते मानायलाच हवं. स्वगत असेल तर मामांसारख्या कुणाला तरी गाठा, दोघांचा प्रवेश असेल तर त्यांना विचारायलाही जाऊ नका.