टेस्ट ‘फेल’ झाली, पण कशामुळे?

प्रश्न : ताई, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला एलएम७५ हा तापमानाचा सेन्सर जोडून त्याच्या ड्रायव्हरसाठी (सेन्सरशी बोलणाऱ्या प्रोग्रामसाठी) मी सी भाषेत टेस्ट लिहिली आहे. कधी पास होते, कधी नुसतं ‘टेस्ट फेल’ छापते. सर म्हणतात, एरर रिपोर्टिंग सुधार. म्हणजे नेमकं काय करू?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : अरे, सोबत पाठवलेला कोड पाहिला. चार ठिकाणी ‘रिटर्न -१’ आणि शेवटी एकच ‘टेस्ट फेल’. ड्रायव्हरने कारण सांगितलं होतं, ते तूच वाटेत सांडलंस! मूळ एरर क्रमांक वरपर्यंत येऊ दे. एररनो, म्हणजे शेवटच्या चुकीचा क्रमांक, लगेच व्हेरिएबलमध्ये ठेव, कारण मध्ये छापायचा एखादा प्रिंटएफ आला तरी तो बदलू शकतो. कुठल्या पायरीवर अडलं तेही छाप. ११० म्हणजे टाइमआउट. सेन्सरने पत्त्याला ओ दिली नाही तर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, कागदपत्रांप्रमाणे ६ यायला हवा, पण पायचा आयटूसी (दोन तारांवरून चिपशी बोलायची पद्धत) ड्रायव्हर तिथे १२१ देतो. रात्री अकराला हे कुणाला आठवतंय? म्हणून क्रमांकाशेजारी त्याचा अर्थ सांगणाऱ्या स्ट्रएररचा मजकूरही असू दे.

वाचलेली किंमतही दाखव, तीसुद्धा हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायात. पहिल्या नोकरीत माझे दोन दिवस अशाच मुक्या टेस्टने खाल्ले. सेन्सर बदलला, केबल बदलली, सोल्डर पुन्हा मारलं. शेवटी वैतागून किंमत छापली तर ००१९! खोलीत २५ अंश होते, हेक्समध्ये १९, आणि तो वरच्या बाइटमध्ये असतो, म्हणजे हवं होतं १९००. एलएम७५ वरचा बाइट आधी पाठवतो, एसएमबस या आयटूसीच्या भावंडाचं वर्ड रीड (दोन बाइट एकदम वाचणं) खालचा आधी धरतं. मी बाइट उलटवायलाच विसरले होते. ‘हवं १९००च्या आसपास, मिळालं ००१९’ एवढी एक ओळ असती तर चहा निवायच्या आत उलगडलं असतं.

तुझी टेस्ट मधूनच पास होते, त्यामुळे तुझं दुखणं बाइटचं नसावं. मला जंपर वायरचा संशय आहे.

आणखी एक. पायवर आयटूसी चालूच केलेलं नसेल, बसची डिव्हाइस फाइलच नसेल, तर ते ‘फेल’ नव्हे, ‘स्किप’. कर्नलच्या केसेल्फटेस्ट या टेस्टसंचात त्यासाठी एक्झिट कोड ४ आहे. मात्र सेन्सर जोडलाय हे माहीत असताना तो बोलला नाही म्हणून स्किप टाकू नकोस, सैल वायर कायमची लपेल.

आता टेस्ट शंभरदा चालव आणि मध्येच वायर हलवून बघ. १२१ आला की सोल्डरिंग आयर्न गरम कर.