प्रश्न तुमचे : समव्यावसायिकांची बैठक कशी चालवावी?

प्रश्न : आम्ही पुण्यात स्वतंत्रपणे काम करणारे सहा जण (दोन चित्रकार, एक छायाचित्रकार, एक चित्रपट-संकलक, एक जाहिरात-लेखिका आणि पुस्तकांची मांडणी करणारा मी) एकमेकांच्या व्यावसायिक अडचणी सोडवण्यासाठी महिन्यातून एकदा भेटतो. परंतु बैठक क्लायंटविषयीच्या तक्रारींत संपते, किंवा आमच्यातील एक ज्येष्ठ स्नेही सर्वांना सल्ले देत राहतात. आम्ही पैसे देऊन कोच बोलवावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपला गट चांगला आहे, बैठकीला शिस्त नाही, एवढीच अडचण दिसते. केंब्रिजमध्ये भौतिकशास्त्राचे संशोधन केलेले रेग रेव्हन्स यांनी 1940च्या दशकात ब्रिटनच्या कोळसा उद्योगात शिक्षणाची जबाबदारी सांभाळताना खाणींच्या व्यवस्थापकांना तज्ज्ञांच्या व्याख्यानांना बसवण्याऐवजी छोट्या गटांत एकत्र आणले आणि एकमेकांच्या खऱ्या अडचणींवर प्रश्न विचारायला लावले. ‘ॲक्शन लर्निंग’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत कलाक्षेत्रातील मंडळींनाही सोयीची पडते, कारण ज्याची अडचण आहे, त्यानेच निर्णय घ्यायचा, हे तिच्यात गृहीत धरलेले असते.

दोन तासांच्या बैठकीत सहाही जणांना न्याय देण्याचा हट्ट सोडावा. तिघांना प्रत्येकी पस्तीस मिनिटे द्यावीत आणि उरलेल्या तिघांची पाळी पुढच्या महिन्यात ठेवावी. ज्याची पाळी असेल त्याने पाच-सात मिनिटांत एकच अडचण मांडावी, इतरांनी केवळ प्रश्न विचारावेत आणि शेवटी त्याने पुढील बैठकीपर्यंत आपण काय करणार, हे स्वतःच्या शब्दांत लिहून द्यावे. पुढच्या भेटीची सुरुवात त्या कागदापासून व्हावी. तक्रारींचा पूर ओसरतो तो बहुधा इथेच. वेळ पाहण्याचे आणि सल्ला देणाऱ्याला थांबवण्याचे काम आपल्या ज्येष्ठ स्नेह्यांकडे सोपवून पाहा. दुसऱ्यांना अडवायचे म्हटल्यावर त्यांनाही आवरते घ्यावे लागेल.

प्रश्नाच्या वेषात आलेला सल्ला मात्र ओळखता आला पाहिजे. ‘तू दर वाढवत का नाहीस?’ हा सल्लाच आहे. ‘हा दर तू कशाच्या आधारे ठरवलास?’ हा प्रश्न आहे. अमेरिकन नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी 1990च्या सुमारास कलाकृतीवरील प्रतिसादासाठी जी चार टप्प्यांची पद्धत घडवली, तिच्यातही हाच कटाक्ष आहे. प्रेक्षकांनी आधी कलाकृतीत काय अर्थपूर्ण वाटले ते सांगायचे, मग कलावंताने स्वतः प्रश्न विचारायचे, त्यानंतर इतरांनी ज्यांत मत दडलेले नाही असे, म्हणजे खरोखर तटस्थ, प्रश्न विचारायचे आणि मत द्यायचे ते अगदी शेवटी, तेही कलावंताची परवानगी घेऊन. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाविषयी ‘इतके गडद का केले?’ असे विचारण्यापेक्षा ‘रंग निवडताना कोणता वाचक डोळ्यांसमोर होता?’ असे विचारले, तर चित्रकाराला स्वतःचा बचाव करावा लागत नाही. ही पद्धत तयार होत असलेल्या कामासाठी वापरावी. मानधन, थकलेली बिले, नाकारावेसे वाटणारे काम यांसाठी रेव्हन्स यांची पद्धत बरी. एकाच बैठकीत दोन्हींची सरमिसळ करू नये.

आपल्यात दोन चित्रकार आहेत, म्हणजे उद्या ते एकाच प्रकाशकाकडे दर पाठवतील. बैठकीतील आकडे आणि क्लायंटची नावे बाहेर जाणार नाहीत, हे आरंभीच स्पष्ट ठरवावे. चालू निविदेविषयी बोलायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. एखाद्याची अडचण व्यवसायाची नसून खोल निराशेची आहे असे जाणवले, तर गटाने ती सोडवायला जाऊ नये आणि समुपदेशकाकडे जाण्यास त्याला सोबत करावी.

कोचबद्दल माझे मत असे, की वरील रीतीने तीन-चार बैठका घेऊनही शिस्त टिकत नसेल, तरच दोन-तीन सत्रांपुरता बोलवावा, आणि त्याने स्वतः उत्तरे न देता तुमच्यापैकी दोघांना बैठक चालवायला शिकवावे, हे मानधन ठरवतानाच सांगून टाकावे.