फोटोओळींतले ‘करताना’ कसे टाळावे?

प्रश्न : शाळेच्या वार्षिकांकाच्या संपादक मंडळात मी विद्यार्थी प्रतिनिधी आहे. छायाचित्रांखालच्या ओळी लिहून झाल्यावर लक्षात आले की, ‘नृत्य सादर करताना विद्यार्थिनी’, ‘बक्षीस स्वीकारताना विद्यार्थी’ अशा एकाच साच्यातल्या त्या सगळ्या आहेत. त्या वाचनीय कशा कराव्यात? मित्रांविषयी थोड्या गमतीदार ओळी लिहिल्या तर चालतील का?

उत्तर : ‘करताना’ने संपणारी ओळ व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष असली, तरी छायाचित्रात जे दिसतेच आहे तेवढेच ती पुन्हा सांगते. मुली नाचत आहेत हे वाचकाला दिसते. नृत्य कोणी बसवले, तालीम कोठे होत असे, ऐन वेळी कोणाच्या जागी कोण उभे राहिले, हे मात्र दिसत नाही. फोटोओळीचे काम तेथे सुरू होते. ‘रिले शर्यतीत धावताना विद्यार्थिनी’ याऐवजी ‘तिसऱ्या टप्प्यात बॅटन हातून निसटले, ते उचलून नववीच्या संघाने शर्यत पूर्ण केली आणि दुसरा क्रमांक मिळवला’ असे लिहिले, तर तेच छायाचित्र वाचक पुन्हा निरखून पाहील.

अशी माहिती टेबलाशी बसून सुचत नाही, ती छायाचित्रातल्या मुलांना विचारूनच मिळते. आणि कार्यक्रमानंतर दोन-चार दिवसांत विचारले नाही, तर तपशील त्यांच्याही आठवणीतून निसटतात. म्हणून छायाचित्र निवडले जाण्याची वाट न पाहता नावे, इयत्ता, तारीख, स्थळ आणि निकाल तेव्हाच टिपून ठेवावेत. कोणाचे बोलणे उद्धृत करायचे असल्यास ते त्याच्याच शब्दांत द्यावे. ‘आनंदाने भारावलेली विजेती’ यासारखी वाक्ये तर सरळ खोडावीत, कारण ती भारावली होती की नुसती दमली होती, हे आपल्याला ठाऊक नसते.

वार्षिकांक पुढे वीस वर्षांनीही उघडला जातो. तेव्हा ‘यंदा’, ‘नुकत्याच’, ‘गेल्या महिन्यात’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही. तेथे तारीख किंवा शैक्षणिक वर्ष लिहावे.

समूहछायाचित्रात ‘बसलेले, डावीकडून’ आणि ‘उभे, डावीकडून’ असा क्रम ठेवावा. डावीकडून म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडून. नावे लिहून झाली की प्रत्येक रांगेतले चेहरे आणि नावे मोजून पाहावीत, कारण एक नाव गळले तर त्यापुढचा प्रत्येक जण दुसऱ्याच्या नावाने छापला जातो. नावांचे लेखन शाळेच्या नोंदवहीवरून तपासावेच, शिवाय ज्याचे नाव त्यालाही एकदा दाखवावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण वार्षिकांक हाती आल्यावर प्रत्येक जण सर्वांत आधी स्वतःचे नाव शोधतो.

विनोदाला माझी हरकत नाही, मात्र तो प्रसंगावर असावा. रंगरूप, उंची, वजन, गुण, घरची परिस्थिती किंवा चिडवण्याचे नाव हे विषय वर्ज्य समजावेत. तुमच्या गटापुरते असलेले विनोद इतर वाचकांना कळतही नाहीत. ज्याच्यावर ओळ आहे त्याला ती छपाईपूर्वी वाचायला द्यावी आणि तो क्षणभर जरी घुटमळला, तरी त्याला कारण न विचारता ती बदलावी.