कंपायलरले पैसे कायले देता भाऊ

भाऊ, तुमी विचारलं का पुतणी बीसीएच्या पहिल्या वर्षाले आहे, लॅपटॉप जुना ४ जीबी रॅमचा, गावात नेट म्हणजे मोबाईलचं हॉटस्पॉट, अन तालुक्याचा दुकानदार सी भाषेचा कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम मशीनले समजन असा करून देणारं सॉफ्टवेअर) टाकून द्यायचे ८०० रुपये मागून राहिला, तर देऊ का. नका देऊ. तो बहुतेक निळ्या स्क्रीनचं टर्बो सीच टाकून देईन, डॉसच्या (विंडोजच्या आधीची सिस्टीम) जमान्यातलं. ६४ बिटच्या विंडोजवर ते सरळ चालतबी नाही, डॉसबॉक्समध्ये (डॉसची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) बसवा लागते.

तिले जीसीसी नावाचा कंपायलर द्या. १९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमननं काढलेलं, पूर्ण फुकट, अन फुकट म्हणजे चोरीचं नाही बरं, लायसन्सच असं आहे का एकीनं डाऊनलोड केलं तर पेनड्राइव्हनं साऱ्या वर्गाले वाटता येते. विंडोजवर कोडब्लॉक्स सोपं पडते, त्यात प्रोग्राम लिहाचा एडिटर अन जीसीसी संग घेता येते. फक्त डाऊनलोडच्या वेळी फायलीच्या नावात मिनजीडब्ल्यू (विंडोजवरचं जीसीसी) आहे का ते पाहून घ्या, नाहीतर नुसता एडिटर येते, आत कंपायलरच नसते, मंग रन दाबलं का एरर अन पोरगी म्हणते मलेच जमत नाही. व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटीबी फुकट आहे, चांगलं आहे, पण ते कित्येक जीबी खाते, हॉटस्पॉटवाल्यानं त्याच्या नादी लागू नये.

फरक पाहाचा असंन तर तिले इंट (पूर्णांक ठेवाचा प्रकार) घेऊन ८ चं फॅक्टोरियल (१ ते ८ चा गुणाकार) काढाले लावा. उत्तर ४०३२० पाहिजे, टर्बो दाखवते उणे २५२१६! काहून, तर टर्बोचा इंट दोन बाइटचा, ३२७६७ च्या वर गेला का उलटा फिरते. जीसीसीत इंट चार बाइटचा, १२ च्या फॅक्टोरियलपर्यंत बरोबर येते, १३ ले तोबी चुकतो. पोरं लॉजिकमध्ये चूक शोधत बसतात बाप्पा.

आता कॉलेजच्या लॅबमध्ये अजून टर्बोच असंन (लय ठिकाणी आहे), तर प्रॅक्टिकलपुरतं तिथलं तिथं. घरी व्हॉइड मेन नाही, इंट मेन लिहाचं, अन सीएलआरएससीआर (स्क्रीन पुसाची टर्बोची कमांड) काढून टाकाचं, कोडब्लॉक्समध्ये ते चालत नाही. सी प्लस प्लसमध्ये आयओस्ट्रीमच्या मागचं डॉट एच काढा अन खाली यूजिंग नेमस्पेस एसटीडी टाका, बाकी प्रोग्राम बहुतेक तसाच चालते.

अन लाईन गेली, बॅटरीबी मेली, तर अँड्रॉइड मोबाईलवर टर्मक्स आहे, कमांड टाइप कराचं ॲप. एफ-ड्रॉइड नावाच्या फुकट ॲप स्टोअरवरून घ्या अन त्यात क्लँग (हाबी सीचा कंपायलरच) टाका, एकदा टाकलं का नेटबी लागत नाही.