लेथवर कातलेल्या लाकडी पेनावर लेझरने नाव कोरायचं तर पॉलिशच्या आधी की नंतर?

तुमची अडचण अशी दिसते: अक्षरांभोवती काळपट धूर बसतो, वरच्या-खालच्या मात्रा फिक्या येतात आणि पॉलिश आधी की कोरणं आधी, हे ठरत नाही. माझा अनुभव विचाराल तर कोरणं पॉलिशच्या मध्येच करावं.

मी सुरुवातीला कोऱ्या लाकडावरच कोरायचो. मेपलच्या एका पेनावर नाव अगदी स्वच्छ उमटलं. मग पॉलिश म्हणून कापडाने पातळ सुपरग्लूचा पहिला हात फिरवला आणि अक्षरांतली काजळी कापडाबरोबर ओढली गेली. प्रत्येक अक्षराला राखाडी शेपूट फुटलं. काजळी शेजारच्या छिद्रांत मुरलेली, सँडपेपरने घासावं तर अक्षरंच उथळ होत होती. शेवटी तो भाग फेकून नवा कातला.

पूर्ण पॉलिशनंतर कोरलं तर दुसरंच दुखणं. सीओटू लेझरचा १०.६ मायक्रॉनचा किरण पारदर्शक थरातच शोषला जातो, त्यामुळे जाड ग्लू पांढुरका होतो, कडा फुटतात. निळा, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा डायोड लेझर असेल तर किरण थरातून आरपार जाऊन खालचं लाकूड जाळतो आणि वरच्या थराला फोड येतात. शिवाय तापलेल्या ग्लूची वाफ डोळ्यांत आणि घशात झोंबते. धूर बाहेर ओढणारा पंखा लावल्याशिवाय मशीन सुरूच करू नका.

म्हणून आता मी सँडिंग पूर्ण करतो, सीलर म्हणून एक-दोन पातळ हात देऊन छिद्रं बुजवतो, थर पूर्ण वाळू देतो, वर मास्किंग टेप घट्ट चिकटवतो आणि टेपवरूनच कोरतो. धूर टेपवर बसतो. टेप काढल्यावर अक्षरांत कोरडा, मऊ टूथब्रश फिरवायचा आणि मगच उरलेले हात द्यायचे, पहिला हात न घासता, नुसता टेकवत. सीलर लाखेचा असेल तर साफ करायला स्पिरिट अजिबात वापरू नका, लाख त्यातच विरघळते.

आता मात्रांचं. हा गोलाईचा हिशेब आहे. पेन १२ मिमी व्यासाचं धरा. अक्षरांची एकूण उंची ५ मिमी असेल तर वरची-खालची कड मधल्या रेषेपेक्षा साधारण अर्धा मिमी खाली जाते, तेवढं चालतं. उंची ८ मिमी केली की फरक दीड मिमीचा होतो आणि किरण तिरका पडून ठिपकाही पसरतो. देवनागरीत वेलांट्या-उकारांनाच बरीच जागा जाते, त्यामुळे ५ मिमीत मूळ अक्षर जेमतेम ३ मिमीचं उरतं. जाड, साधा फाँट घ्या. जोडाक्षरं तुटत असतील तर मजकूर इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून त्याचं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, रूपांतर करा आणि मगच मशीनला द्या. याहून मोठं नाव हवं असेल तर रोटरीला, म्हणजे कोरताना पेन फिरवणाऱ्या जोडणीला, पर्याय नाही.

पेन निमुळतं असेल तर बारीक टोकाखाली कागदाच्या घड्या सारून वरची रेषा समतल करा. हे मी कधीच चुकवत नाही, कारण यामुळे एका टोकाची अक्षरं ठळक आणि दुसऱ्याची पुसट येणं थांबतं. लाकडाचं म्हणाल तर मेपलसारखं फिकं, बारीक पोताचं लाकूड सर्वांत चांगलं. आबनुसावर जळकं अक्षर दिसतच नाही. पाइनमध्ये मऊ पट्टे खोल जळतात, कठीण पट्टे वर राहतात आणि अक्षर खडबडीत होतं. खोल कोरायच्या फंदात पडू नका, पेनाच्या आतल्या पितळी नळीवर लाकूड बहुधा एक-दोन मिमीच असतं.

आणखी एक, पेन कोण वापरणार ते आधी विचारून घ्या. उजव्या हातात लिहिताना नाव सुलट वाचता यायला हवं असेल तर पहिलं अक्षर निबेच्या बाजूला ठेवा, डावखुऱ्यासाठी क्लिपच्या बाजूला.